आबांचा फेटा आणि शर्यतीचे पट्टे

कोल्हापूरचे रंगराव आबा म्हणजे जुने पैलवान. भरजरी फेट्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. शर्यतीच्या गाडीत छाती जखडणारे पट्टे पाहून त्यांनी हट्ट धरला, की आपल्याही मोटारीत तेच हवेत. शर्यतीच्या गाड्या बांधणारी पुतणी शिवांजली नको म्हणाली, तेव्हा ते गरजले, "कारण पटव, न्हाईतर आजच बसव."

"आबा, तालमीचं दार एवढं ठेंगणं. तुम्ही आत कसे जाता?"

"वाकून. सगळीच वाकत्यात."

"आणि छाती जखडून कुणी तुम्हाला ताठच आत ढकललं तर?"

"डोकं फुटंल की."

"गाडी उलटली की छत तसंच खाली येतं, आणि हे पट्टे तुम्हाला वाकू देणार नाहीत. शर्यतीच्या गाडीत छत पेलायला लोखंडी पिंजरा असतो."

"मग पिंजराबी बसव."

"बसवते. पण त्या लोखंडावर डोकं आपटतं, म्हणून हेल्मेट घालावं लागतं. फेटा तेवढा काकूंकडं ठेवून जा."

आबांनी दोन्ही हातांनी फेटा सावरला, गाडीत बसले आणि गाडीतला मूळचा साधा पट्टा मुकाट्यानं लावला.

"कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"फेट्याला अगदी शोभतोय," शिवांजली म्हणाली.