वरच्याने ओढायचे

फार पूर्वी, चंदनपूर नगरात राजा सुबाहू गादीवर होता, तेव्हा बोधिसत्त्व विहिरी खणणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. पिंगल नावाचा तरुण त्याच्या जोडीने काम करू लागला. एका गावाने दोघांना बोलावले. अमावास्येच्या सूर्यास्तापर्यंत पाणी लागले, तर विहिरीलगतचे शेत तुमचे, असे गावाने कबूल केले.

पहिली कुदळ मारण्याआधी जोडीदारांनी एकमेकांना गूळ देऊन बोलणी करायची, अशी या लोकांची रीत होती. शेत निम्मे निम्मे, खाली आळीपाळीने उतरायचे, हे चुटकीसरशी ठरले. पिंगल गूळ तोंडात टाकणार, तोच बोधिसत्त्वाने त्याचा हात धरला.

"वर कधी काढायचं, ते कोणी ठरवायचं?"

"दादा, आपल्यात कसल्या अटी? खालचा हाक मारेल, वरचा ओढेल."

"खाली ओल दिसली की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझंही राहणार नाही. म्हणून वरच्याने ठरवायचं. खालच्याने कमरेचा दोर सोडायचा नाही, आणि वरच्याने त्याचं काही ऐकायचं नाही."

पिंगलला हसू आले. एवढ्या शहाण्या माणसाला स्वतःचाच भरवसा नाही, याची त्याला गंमत वाटली. तरी त्याने मान डोलावली.

अमावास्येला उतरायची पाळी बोधिसत्त्वाची होती. दुपार कलली. रहाटापाशी उभ्या पिंगलला विहिरीच्या अंगातून वाळू गळताना दिसली. वाळू थोडी नेहमीच गळते. उगाच ओढले तर शेत गेले. आणि नाही ओढले तर?

"ओल लागली, पिंगल!" खालून आवाज आला. "आणखी दोन हात!"

वाळूची धार जाड झाली. पिंगल रहाट फिरवू लागला.

"ओढू नकोस! मी मोठा आहे, मी सांगतो!"

पिंगल रडत होता, पण थांबला नाही. बोधिसत्त्व चक्क शिव्या देत वर आला. त्याचे पाय काठाला लागतात न लागतात, तोच मागे विहीर धडधडत बुजली.

काठावर बसून त्याने बुजलेल्या विहिरीकडे पाहिले. मग तो म्हणाला, "शेत गेलं रे."

"जाऊ दे, दादा. वहिनींना काय सांगायचं, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं."

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा पिंगल म्हणजे आज विहाराच्या बांधकामावर देखरेख करणारा स्थविर धम्मरक्ख. आणि ओढू नकोस म्हणून ओरडणारा तो लोभी मीच होतो. सोबत्याशी बोलणी करताना आधी आपलाच लोभ ओळखावा. त्यालाच प्रज्ञा म्हणतात."