धनेशाच्या मुलीची पिसे

शके एकोणीसशे सात, माघ वद्य पंचमी. थंडी सरत आली होती आणि उंबरांना फळ धरत होते. त्या दिवशी सह्याद्रीच्या एका जंगलात, नदीकाठच्या जुन्या बेहड्यावर, एका म्हाताऱ्या धनेशाची मुलगी भिंतीआड बसायला निघाली.

मुलांनो, धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. मोठा पक्षी. पिवळी बाकदार चोच आणि चोचीवर शिंगासारखा उंचवटा. त्यांची रीत अशी की अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, चिखलाने ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढी फट ठेवते. नर त्या फटीतून तिला भरवतो. भिंतीमुळे घोरपड आणि उदमांजर बाहेर राहते, म्हणून भिंत वाईट नाही. पण आत बसली की मादी पंखांची सगळी पिसे एकदम टाकते. नवी पिसे येईपर्यंत तिला उडता येत नाही. नर आला तर ती जगते.

त्या जंगलात ही पिसे फटीतून खाली टाकत. झाडाखाली ढीग होई. ज्याच्या झाडाखाली मोठा ढीग, त्याच्या बायकोचा त्याच्यावर मोठा भरवसा, असे मानत. संध्याकाळी सगळे नर वडावर जमत आणि आपापल्या ढिगाच्या गोष्टी सांगत.

म्हाताऱ्याच्या बायकोनेही मोठा ढीग टाकला होता. त्याच वर्षी म्हातारा जाळ्यात अडकला. सातव्या दिवशी जाळे तोडून आला, तेव्हा बायको आत मेली होती. शेवटचे फळ तिने पिल्लाला दिले होते. ते पिल्लू म्हणजे ही मुलगी. तिने लहानपणी एकदाच विचारले होते की आई बाहेर का आली नाही. म्हातारा म्हणाला होता, "पिसं नव्हती." पुढे त्याने तो विषय काढला नाही.

मात्र मुलीला त्याने वेगळे वाढवले. त्या जंगलात मुलांना फळझाडे दाखवत आणि मुलींना लिंपण शिकवत. याने मुलीला दोन्ही शिकवले. उंबर कुठे, पायर कुठे, नदीपलीकडचे नांदरूक कोणत्या महिन्यात पिकते, हे तिला पाठ करायला लावले. चुकली की पुन्हा पहिल्या झाडापासून. काजऱ्याची कठीण सालीची फळे चोचीने फोडायला दिली. चोच दुखते म्हणाली तर म्हणे, दुखू दे. शाबासकी त्याने कधी दिली नाही. पण ती शिकत असताना तो समोरच्या फांदीवरून हललाही नाही.

शेजारच्या किंजळीच्या झाडावरची धनेशीण हे सगळे बघत असे. ती एकदा म्हणाली, "भावोजी, मुलीसाठी नवरा बघताय की मुलीलाच नवरा करताय?"

म्हातारा म्हणाला, "वहिनी, तिला पोट आहे. ते भरायला तिला यायला हवं."

शेजारीण हसली. तिने ही गोष्ट चार झाडांवर सांगितली.

पंचमीला मुलगी ढोलीत शिरायच्या आधी म्हातारा तिच्याजवळ गेला. बोलणे त्याने आधीच ठरवून ठेवले होते. "पिसं सगळी एकदम टाकू नकोस," तो म्हणाला. "या पंखातलं एक, त्या पंखातलं एक. ती उगवली की पुढची दोन. वेळ लागेल. लागू दे."

मुलीने विचारले, "आणि ढीग झाला नाही म्हणून लोक आमच्या यांना हसले तर?"

"हसतील," म्हातारा म्हणाला आणि बाजूला झाला.

जावई चांगला होता. पहाटेपासून फळे आणी, चुकत नसे. पण आठ दिवस झाले तरी त्याच्या झाडाखाली दोनच पिसे. वडावर एकाने विचारले, तुमच्या बेहड्याखाली वारा फार सुटतो काय हो, पिसे टिकत नाहीत. दुसरा म्हणाला, बायको अर्धी उंबरठ्यावरच बसली असेल. जावयाची मान खाली गेली. तो तसाच उठून ढोलीकडे गेला आणि फटीपाशी बराच वेळ बोलत बसला. काय बोलणे झाले ते कोणाला कळले नाही. दुसऱ्या दिवसापासून तो वडावर जायचा बंद झाला.

म्हाताऱ्याने मनाशी धरले की मुलगी नमली, तिने सगळी पिसे टाकली. आता जावयाला कोणाला उत्तर द्यायचे उरले नाही, म्हणून तो वडावर येत नाही. म्हाताऱ्याची नजर मंद झाली होती. झाडाखाली पिसे किती, ते त्याला दिसत नव्हते. विचारणे त्याच्या स्वभावात नव्हते. लग्न झालेल्या मुलीला आपण सांगायचे ते सांगून झाले, असे म्हणून तो गप्प राहिला. पण त्याला झोप लागेना.

चैत्र सरता सरता एका दुपारी गारा पडल्या. उंबराएवढ्या गारा. वडाची कोवळी पालवी झडून गेली, सुतारपक्ष्यांच्या ढोल्यांत पाणी शिरले. गारा थांबल्या तेव्हा बाहेर असलेले बरेच नर परत आले नव्हते. शेजारणीचा नवरा आला नव्हता. जावईही आला नव्हता.

एक दिवस गेला. ढोलीत दोन पिल्ले होती, ती ओरडू लागली. म्हाताऱ्याने जवळच्या उंबरावरून तीन फळे आणली. चौथ्या खेपेला त्याचा पंख दमला आणि तो वाटेतच बसला. दुसरा दिवस उजाडला. पिल्लांचा आवाज बारीक झाला. म्हातारा समोरच्या फांदीवर बसला होता. एका भिंतीसमोर तो पूर्वी उशिरा पोचला होता. आज तो वेळेवर होता आणि त्याचा उपयोग नव्हता.

तेवढ्यात भिंतीवर आतून ठोका पडला. मग दुसरा. वाळलेला चिखल दगडासारखा झाला होता, तरी चोचही काजऱ्याच्या फळांवर घासलेली होती. ऊन डोक्यावर येईपर्यंत ठोके चालले. भिंतीचा एक तुकडा पडला, मग मोठा तुकडा पडला, आणि मुलगी बाहेर येऊन ढोलीच्या कडेवर बसली. तिने पंख उघडले.

म्हातारा पुढे झाला. त्याला दोनदा बघावे लागले. दोन्ही पंखांत एकेक फट होती. बाकीची पिसे जागेवर होती.

"मला वाटलं, तू ऐकलंस त्याचं," तो म्हणाला.

"त्यांनी विचारलं होतं, माझ्यावर भरवसा नाही का," मुलगी म्हणाली. "मी म्हटलं, भरवसा तुमच्यावर आहे, आभाळावर नाही. त्यांना पटलं. म्हणाले, मग वडावर बसून मी काय करू?"

म्हाताऱ्याने मान वळवून नदीपलीकडे पाहिले.

मुलीने पिल्लांना सांगितले की आतून चिखल लावा, फट ठेवा, आणि मी आवाज दिल्याशिवाय चोच बाहेर काढू नका. पिल्लांनी वेडेवाकडे लिंपले, पण लिंपले. मग ती उडाली. जवळच्या झाडांची फळे गारांनी झोडपून चिखलात गेली होती. ती नदी ओलांडून नांदरुकावर गेली. तिथे डोंगराचा आडोसा होता, फळ शाबूत होते. पहिली खेप पिल्लांना आणली, दुसरीही. तिसरी खेप चोचीत घेऊन ती नवऱ्याला शोधायला निघाली.

तो घळीत कारवीच्या झुडपात सापडला. पंखाला मार लागला होता. उडता येत नव्हते. बायको आणि पिल्ले उपाशी मेली असतील असे धरून तो डोळे मिटून पडला होता. तिची हाक ऐकून त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "पिल्लं?"

"जेवली," ती म्हणाली. "आता तुम्ही जेवा."

परत येताना किंजळीच्या ढोलीतून तिला बारीक आवाज आला. शेजारीण आत होती. पंखांत नुसते कोंब होते आणि पोटाशी एक पिल्लू. मुलीने फटीतून फळ आत दिले. शेजारणीने नवऱ्याचे नाव घेऊन विचारले, आलात का. मुलगी म्हणाली की काकू, मी आहे, काका अजून आले नाहीत, पण फळ मी आणत जाईन. मग चोच फटीपाशी आली.

अकरा दिवस मुलीने घळीतल्या नवऱ्यासकट सगळ्यांना भरवले. म्हातारा जवळच्या झाडावरून जमेल तेवढे आणी आणि बाकी वेळ दोन्ही ढोल्यांवर नजर ठेवी. बाराव्या दिवशी शेजारणीचा नवरा पलीकडच्या खोऱ्यातून लंगडत, पण जिवंत परत आला. जंगलात बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलणे ऐकू आले.

वैशाखात शेजारणीला पिसे फुटली आणि ती बाहेर आली. जावयाचा पंख अजून धरत नव्हता. मुलगी खेपा घालून वाळली होती. एके सकाळी ती उठली तो बेहड्याच्या फटीपाशी शेजारीण उभी. पिल्लांची तोंडे भरलेली होती आणि तिच्या घशात साठवून आणलेली आणखी फळे होती. ती म्हणाली, "तू नीज." मुलगी निजली.

अकरा दिवस शेजारीण त्या पिल्लांना भरवत राहिली. बाराव्या दिवशी ती आपल्या झाडावर गेली. फेड झाली.

तात्पर्य : मुलीला चांगले घर पाहून देणे, हे बापाचे अर्धे काम. त्या घरातून स्वतःच्या बळावर बाहेर पडता यावे आणि परत येता यावे, एवढे तिला शिकवणे, हे उरलेले अर्धे.