साळुंकीच्या मापाची खोली

एका राज्यात, जिथले डोंगर सकाळी निळे आणि दुपारी सोनेरी दिसत, एक राजवाडा होता आणि त्याला नव्याण्णव खोल्या होत्या. धूम्रकेश नावाच्या मायावी स्थपतीने तो बांधला होता. दगडाशी दगड असा बसलेला, की मधून मुंगीलाही वाट नव्हती. त्या घराच्या भिंती उन्हाळ्यात गार वारा सोडत आणि थंडीत ऊब देत. म्हातारं माणूस आलं की पायऱ्या आपणहून ठेंगण्या होत. लोकांना त्याचं फारसं नवल वाटत नसे. चांगलं घर असंच वागतं, असं म्हणून ते आपल्या कामाला लागत.

तिथे मानधर राजा राज्य करी. त्याची राणी वेणुमती लग्न होऊन आली, नव्याण्णव खोल्या हिंडली, आणि दमून पायरीवर बसत म्हणाली, "एवढं मोठं घर, पण माझी अशी खोली यात एकही नाही."

बोलली ते खरंच होतं. पण धूम्रकेशाच्या कानांना कोस-दोन कोसांचं अंतर म्हणजे काहीच नव्हे. तो वाऱ्यावर बसून आला, रागाने लालबुंद. "माझ्या कामात उणं काढतेस? जागा नाही म्हणतेस? मग पाखरू हो. पाखराला वळचणही पुरते!"

राणीची साळुंकी झाली आणि भुर्रकन तुळईवर जाऊन बसली. राजाने धूम्रकेशाचे पाय धरले. मायाव्याचा राग तरीही पुरता उतरला नाही. तो म्हणाला, "ज्या दिवशी हे घर स्वतःच्या तोंडाने म्हणेल की मला एक खोली कमी होती, त्या दिवशी शाप फिटेल. पण माझ्या घराला जोड द्यायला जो सूत धरील आणि चुकेल, तो माझ्याच घराचा खांब होईल." एवढं बोलून तो हिरव्या कड्यावर राहायला निघून गेला.

राजाने दवंडी पिटवली. एकामागून एक तीन गवंडी आले. तिघेही कसलेले, तिघांचीही दूरदूर ख्याती. तिघांनी आखणी केली, सूत ताणलं, आणि तिघांचे चौकात खांब झाले. वरच्या तुळया कुरकुरत सरकल्या आणि त्यांच्या माथ्यांवर येऊन टेकल्या. तिसरा गवंडी शिदोजी. ही गोष्ट त्याच्या बायकोची, मंजुळेची आहे.

मंजुळाही गवंडीकाम जाणणारी. दोघांचं घर एका खोलीचं. छिन्नीला धार लावायची तर तिला बाहेर उन्हात बसावं लागे. निघताना शिदोजी म्हणाला होता, "राजवाड्याचं काम झालं की तुला पडवी काढून देतो, मंजुळे. मग सावलीत बस." तो गेला, आणि तिच्यापर्यंत नुसती बातमी परत आली.

ती राजवाड्यात आली. तिसऱ्या खांबाच्या उजव्या भुवईवर दगडाची कपची लागल्याची जुनी खूण होती. तिने ती बोटांनी चाचपली. खांब गारढोण होता. तिला रडू कोसळलं आणि तिने ते कोसळू दिलं. मग पदर खोचला आणि ती थेट राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, खोली मी काढते."

"बाई, चौकातले तीन खांब पाहिलेस ना?"

"त्यांतला एक माझा आहे, म्हणून तर आले."

मंजुळेने विचारलं, "तिघांपैकी कुणी धूम्रकेशाकडे विडा घेऊन गेलं होतं का?"

गवंड्यांची रीत अशी, की दुसऱ्याच्या बांधकामाला जोड द्यायची तर आधी त्याच्या दारी विडा ठेवायचा, त्याची अनुमती घ्यायची आणि मगच पहार उचलायची. पण मायाव्याच्या दारी जायची कुणाची छाती झाली नव्हती.

मंजुळा हिरवा कडा चढून गेली. धूम्रकेश कड्याच्या टोकावर बसला होता आणि त्याचे केस धुरासारखे दरीत उतरले होते. तिने विडा पुढे ठेवला. त्याने तो उचलून कनवटीला लावला.

"तीनशे वर्षांत मला कुणी विडा दिला नव्हता," तो म्हणाला. "तरी शाप तो शाप. तीन गोष्टी कर. माझा दगड जिथून आला तिथला दगड आण. बोलक्या शिसवीचं लाकूड आण. आणि आखणी अशी कर, की ती घराला पटेल. मला पटून उपयोग नाही."

राजवाड्याचा दगड काळ्या तळ्याच्या तळातून आलेला, म्हणून मंजुळा आधी तिथे गेली. तिने वाकून नमस्कार केला तसं पाणी दाराच्या फळ्यांसारखं दोन्हीकडे उघडलं. तळाशी सोन्याचा ढीग होता आणि ढिगावर पांढरा नाग. भोवती सोनेरी कल्ल्यांचे मासे फिरत होते. ते सगळे कधीकाळी सोनं न्यायला आलेले लोक होते.

"घे की," नाग म्हणाला. "सगळे घेतात."

"घराच्या पायात सोनं घातलं तर दबतं, नागराज. तुमच्या उशाचा तो काळा दगड द्या."

नागाने डोकं उचललं. "याला मागणारी तू पहिलीच," असं म्हणून त्याने शेपटीने दगड तिच्याकडे ढकलला आणि तिथलाच सोन्याचा एक रांजण उशाला घेतला.

मग ती शिसवीच्या रानात गेली. मधोमध ते झाड उभं होतं. त्याचा शेंडा ढगात होता, म्हणून त्याचा आवाज वरून, थोडा उशिराने येई.

"काय हवं?"

"एका दाराची चौकट, आणि तीन टेकू."

"चौकट कळली. टेकू कशाला?"

"शाप फिटला की तीन खांबांची माणसं होतील. मग डोक्यावरच्या तुळया कोण धरणार? ज्या क्षणी सुटतील त्याच क्षणी चिरडतील बिचारे."

सगळ्या रानातलं पान हलेना. मग वरून आवाज आला, "वाट तर सारं राज्य पाहतंय, बाई. पण शाप फिटेलच असं धरून चालणारी तू एकटी." आणि चार फांद्या आपणहून उतरल्या, उतरताउतरता तासल्या गेल्या, आणि गायींसारख्या मंजुळेच्या मागून चालू लागल्या. काळा दगडही त्यांच्यामागून गडगडत आला.

राजवाड्यात येताच तिने पहिलं काम केलं ते तीन टेकू लावण्याचं. खांबांना खेटून, तुळयांखाली, खाली पाचर ठोकून. दरबारी हसले. "दगडाच्या खांबाला लाकडाचा टेकू!" एक जण म्हणाला. मंजुळेने तिकडे लक्षच दिलं नाही.

मग आखणी. पूर्वेच्या भिंतीबाहेरची जागा तिने झाडून घेतली. गवंड्याची मापाची काठी घरधन्याच्या हाताएवढी कापायची असते, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. राजाने न सांगता हात पुढे केला. आधीही तीनदा केला होता. मंजुळेने काठी कापली, सूत ताणलं आणि चुन्याच्या फक्कीची पहिली रेघ ओढली.

तिचे तळपाय गार पडले.

तिने खाली पाहिलं, तर घोट्यांपर्यंत दगड चढला होता. ओळंबा पाहिला, तो सरळ होता. गुण्या लावून पाहिला, काटकोन बरोबर होता. दगड पोटऱ्यांवर आला. तिने दारातून चौकातल्या खांबाकडे पाहिलं. ह्यांनीही असंच पाहिलं असेल, ओळंबा, गुण्या, पुन्हा ओळंबा, आणि काही चुकलं नाही असं म्हणताम्हणता संपले असतील. दगड गुडघ्यांना लागला.

तेवढ्यात तिचं लक्ष हातातल्या काठीकडे गेलं.

"महाराज, या खोलीत राहणार कोण?"

"राणी."

"मग काठी तुमच्या हाताची कशी?"

गोरगरिबांच्या घरात जो घरधनी तोच राहणारा, त्यामुळे असं विचारायची वेळ गवंड्यांवर कधी आलीच नव्हती. राजाचा हात खाली आला. "पण राणीला आता हात कुठे आहेत?" तो हळूच म्हणाला.

तेव्हा चौकातल्या तुळईवरची साळुंकी उडत बाहेर आली. इतकी वर्षं ती तिथेच होती, बोलतही होती, पण राजवाड्याच्या बांधकामाबद्दल पाखराला काय विचारायचं, असं सगळ्यांनी धरलं होतं. ती मंजुळेच्या मनगटावर बसली आणि तिने दोन्ही पंख पसरले. मंजुळेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवी काठी धरली आणि कापली.

"राणीसाहेब, खोली केवढी काढू?"

"बारा पंख लांब, नऊ पंख रुंद. फार मोठी नको. मोठ्या खोलीत मला हरवल्यासारखं होतं."

दगड गुडघ्यांवरून खाली उतरला.

"खिडकी कुठे ठेवू?"

"पूर्वेला, आणि बसल्या जागी बाहेर दिसेल इतकी खाली. माझ्या माहेरचा डोंगर तिकडे आहे."

दगड घोट्यांवर आला.

"आणि दार?"

"जिन्याच्या वळणावर. आणि दाराला कडी हवी. आतून."

राजाने मान वळवून पाहिलं. नव्याण्णव दारं, आणि प्रत्येक दाराची कडी बाहेरच्या बाजूला. जन्म त्या घरात गेला होता आणि हे त्याला आज दिसत होतं. त्याची मान शरमेने खाली गेली.

मंजुळेने शेवटची रेघ ओढली. पाय मोकळे झाले. आणि मग जे झालं ते पाहणाऱ्यांनी मरेपर्यंत सांगितलं. जमीन गुणगुणू लागली. काळा दगड उठला आणि पायाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. फक्कीच्या रेघांवर भिंती चढू लागल्या, शेतात पीक वाढतं तशा, फक्त डोळ्यांदेखत. जुन्या भिंतीतले दगड एकेक करून बाजूला सरले आणि शिसवीची चौकट मधे जाऊन उभी राहिली. कुणी पापणी लववत नव्हतं. सगळ्यांच्या पायांखालून एक आवाज आला, जुना, जड आणि समाधानी.

"मला एक खोली कमी होती," घर म्हणालं.

तीन खांब तडकले. तुळया करकरल्या, बोटभर खाली आल्या आणि टेकूंवर थांबल्या. हसलेले दरबारी आता तुळयांकडे पाहत होते. खाली तीन माणसं धापा टाकत उभी होती.

"तुळई!" शिदोजी दोन्ही हात वर करून ओरडला.

"धरलीय," मंजुळा म्हणाली. "खाली घ्या हात." आणि तिने स्वतःच ते हात धरून खाली घेतले. ते गरम होते.

धूम्रकेश कधी येऊन उभा राहिला, कुणाला कळलं नाही. जुनी आणि नवी भिंत जिथे मिळाली होती, तिथून त्याने वरपासून खालपर्यंत नख फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं. "सांधा सापडत नाही," तो म्हणाला. त्याने कनवटीचा विडा काढला, अर्धा तोडून मंजुळेला दिला, आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकून निघून गेला.

वेणुमती राणी आपल्या पायांनी चालत नव्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी घातली. राजा बाहेर उभा राहिला. जरा वेळाने त्याने दारावर टकटक केली, आयुष्यात पहिल्यांदाच. आत पावलं वाजली आणि कडी निघाली.

मंजुळा आणि शिदोजी घरी आले. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर शिदोजीने दारापुढची जागा झाडली आणि पडवीसाठी नवी काठी घेतली. सवयीने त्याने आपलं कोपर काठीवर टेकवलं. मग थांबला, कोपर उचललं, आणि काठी तिच्यापुढे धरली.

"मंजुळे, तुझा हात दे."

जशी तिची पडवी तिच्या मापाची झाली, तशी ज्याला त्याला आपली जागा मिळो.