पातेल्याचा ठेका आणि ठिपक्या

फार पूर्वी, जिथे समुद्रावर बाराही महिने धुकं असायचं अशा एका थंडगार किनाऱ्यावर कोळ्यांचं गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. धुक्यात होड्यांना घर सापडावं म्हणून घरोघरच्या बायका अंगणात पातेलं पालथं घालून पळीने वाजवायच्या. प्रत्येक घराचा ठेका वेगळा. आपला ठेका कानावर आला की माणूस बरोबर आपल्या दारी लागायचा.

गावाच्या टोकाला एक म्हातारी राहायची. नवरा गेल्यापासून तिच्या घरी परतणारं कुणी उरलं नव्हतं. ती जाळी विणून पोट भरायची, आणि तिचं पातेलं मात्र गप्प असायचं.

एकदा वादळ ओसरल्यावर तिला वाळूत सीलचं पिल्लू दिसलं. त्याची आई तुटक्या जाळ्यात अडकून मेली होती आणि ते बिचारं तिलाच ढुशा देत होतं. म्हातारीला बघवेना. तिने पिल्लू शालीत गुंडाळून घरी आणलं, मासे वाटून त्याला पातळ पेज पाजली. अंगभर ठिपके, म्हणून नाव ठेवलं ठिपक्या.

ठिपक्या वाढला. म्हातारीने पातेल्यावर आपला जुना ठेका धरला की तो अंगणातून पोटावर घसरत यायचा आणि आ करून बसायचा. तिच्या हातून मासा तोंडात पडला की झालं. दे रे हरी खाटल्यावरी, असा सगळा थाट. इतक्या वर्षांनी आपला ठेका ऐकून कुणीतरी घरी येतंय, याचंच म्हातारीला केवढं सुख होतं.

थंडी जवळ आली, तशी तिची थोरली जाऊ एक दिवस अंगणात येऊन उभी राहिली.

"अगं, हा भोपळा झालाय नुसता. मासा धरता येतो का याला?"

"शिकेल की, जाऊबाई. लहान आहे अजून."

"पाणी गोठायला लागलं की सगळे सील लांबच्या खडकांवर जातात. इथं तेव्हा तुलाच मासा मिळायचा नाही, याला काय घालशील? त्या कातळातल्या डबक्यात जिवंत मासे सोड आणि याला त्यात टाक. आणि तेवढं ते पातेलं वाजवू नकोस."

म्हातारी रडकुंडीला आली, पण जाऊचं म्हणणं तिला पटलं. तिने ठिपक्याला डबक्यात सोडलं. तो रुसला. मासे त्याच्या नाकासमोरून पळत आणि हा आ करून वाट बघत बसे. मग तो दाराशी येऊन लहान मुलासारखा रडू लागला. म्हातारीच्या काळजाचं पाणी झालं. तिचा हात पळीकडे गेला, पातेल्यापर्यंत पोहोचला, आणि तिथेच थांबला.

ती तशीच उठून जाऊच्या घरी गेली. "ही पळी तुमच्याकडे ठेवा. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

ठिपक्या उपाशी, म्हणून त्या दिवशी तीही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भुकेने कासावीस होऊन ठिपक्याने एका माशावर झडप घातली. तो निसटला. दुसराही निसटला. शेवटी एक दातांत सापडला, तेव्हा काठावर बसलेल्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

पाणी गोठण्याआधी इतर सीलांबरोबर ठिपक्याही निघून गेला. तो हिवाळा म्हातारीला फार जड गेला.

बर्फ वितळलं आणि सील परतले. जाऊ पळी घेऊन आली आणि म्हणाली, "आता वाजव."

दोघी किनाऱ्यावर गेल्या. म्हातारीने सोबत आणलेलं पातेलं वाळूत पालथं घातलं आणि ठेका धरला. समोरच्या खडकावर एका ठिपकेदार सीलने झटकन मान वर केली. तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग तो पाण्यात शिरला, तोंडात चकचकीत मासा धरून वर आला, आणि पुन्हा आपल्या खडकावर जाऊन आरामात खात बसला.

जाऊ हळहळली. "आला नाही गं. विसरला वाटतं तुला."

"विसरला कुठला, जाऊबाई," म्हातारी हसत म्हणाली. "पोट भरलंय त्याचं."

तात्पर्य: ज्या मायेने पिल्लाला घास भरवायचा, त्याच मायेने वेळ आली की हात आवरावा.