पेवजाईच्या कहाणीतली नदी

“मग यातली खरी कहाणी कोणती, अक्का?”

अनेलीसने तीन वह्या देवघरापुढे मांडल्या. एकीत शेजारच्या शिंपीणकाकूंनी सांगितलेली कहाणी, दुसरीत कोपऱ्यावरच्या हौसाबाईंची, तिसरीत देवळातल्या गुरवीणबाईंची. व्रत एकच, पेवजाईचं. आणि तिघींचं तीन तऱ्हेचं.

सुभद्राक्का फुलवात वळत होत्या. वह्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“आंघोळ करून आलीस ना?”

“आलेय.”

“आणि पोटात?”

“काही नाही. सकाळपासून चहासुद्धा नाही.”

“मग बस.”

अनेलीस बसली. मांडी घालून बसणं तिला आता जमत होतं. हॉलंडहून मिरजेत येऊन तिला सात वर्षं झाली होती. गल्ली तिला अनूबाई म्हणायची. या गल्लीतल्या बायकांचे उपासतापास, त्यांची स्वयंपाकघरं, फडताळातल्या त्यांच्या पोथ्या, सगळ्यावर तिनं पुस्तक लिहिलं होतं. एक प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि ते पेवजाईचं होतं. सगळ्या म्हणायच्या, पेवजाईची कहाणी ऐकावी तर अक्कांकडून.

आणि अक्का उद्या सकाळच्या गाडीनं मुलाकडे नाशिकला निघाल्या होत्या. कायमच्या. बाहेरच्या खोलीत वळकटी बांधून तयार होती.

गेले आठ दिवस अनेलीसला धड झोप नव्हती. कहाणी चुकली तर? सात वर्षं आपण नुसतं उंबऱ्याबाहेरूनच बघत राहिलो असलो तर...

तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“तुम्ही सांगाल तसं अक्षर न् अक्षर उतरवते, अक्का. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.”

“उजवा हात कर पुढं.”

तिनं हात पुढं केला. अक्कांनी त्यावर ज्वारीचे चार दाणे ठेवले आणि तिची मूठ मिटली.

“कहाणी संपेस्तोवर उघडायची नाही.”

“मग लिहू कशानं?”

“लिहायला कोण सांगतंय? हुंकार दे म्हणजे झालं.”

अनेलीसने डाव्या हातानं पिशवीतून फोन काढला. हा आवाज भरून घेतो, म्हणाली, तुम्हाला त्रास नाही.

अक्कांनी फोनकडे निरखून पाहिलं.

“हा उपाशी आहे का?”

“...नाही.”

“मग त्याला कशाला सांगू?”

फोन पिशवीत गेला. वह्याही गेल्या. अक्कांनी समईत वात सरकवली आणि सुरुवात केली.

“एका घरात एक सून होती. पेरणी तोंडावर आली, आणि घरचं बियाणं किडलं. जमिनीतलं धान्याचं पेव तळापर्यंत रिकामं.”

“हूं.”

“सासरा म्हणाला, माहेराहून बी आण. ती गेली. भावजयीनं मूठभर ज्वारी दिली. वाटेत भूक लागली, सुनेनं मूठ उघडली नाही. पुढं नदी आडवी आली, दुथडी भरलेली. नदी म्हणाली, दाणे दे, वाट देते.”

अनेलीस मनातल्या मनात घोकत होती. भावजय. मूठभर. दुथडी...

“हूं?” अक्का थांबल्या होत्या.

“हूं, हूं.”

“सून म्हणाली, दाणे घरच्यांचे आहेत, ते कसे देऊ? मी माझी आहे, मला घे. नदीला लाज वाटली. ती गुडघाभर झाली. सून घरी आली, मूठ उघडली, तर दाण्यांना कोंब फुटलेले. तेच पेरले. त्या साली पेव तोंडापर्यंत भरलं. त्यात देवी बसली, ती पेवजाई.”

अनेलीसने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि दाणे वाहायला मूठ पुढं केली.

अक्कांनी तिचं मनगट धरलं.

“आता तू सांग.”

“मी?”

“ऐकणारीनं परत सांगितल्याशिवाय आमच्या घरात दाणे वाहत नाहीत. ना उपास सुटत.”

अक्का एक्याऐंशीच्या होत्या. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि आता दुपारचा एक वाजायला आला होता. त्यांनी स्वतःच्या मुठीत चार दाणे घेतले आणि डोळे मिटले.

अनेलीसने सुरुवात केली. सून आली, किडलेलं बियाणं आलं, भावजय आली. अक्का “हूं” म्हणत होत्या. मुठीतले दाणे घामानं ओले झाले.

“...नदी म्हणाली, दाणे दे. सून म्हणाली...”

सून काय म्हणाली? आत्ता तर घोकलं होतं.

“हूं,” अक्का म्हणाल्या.

“सून... काही बोलली नाही. थंडी होती. फार थंडी. आणि नदी गोठली.”

“हूं.”

“दगडासारखी झाली. पण उभं राहून चाललं तर बर्फ तडकतो. म्हणून सून पालथी झाली आणि पोटावर सरपटत गेली. बोटं निळी पडली. मूठ नाही उघडली. घरी लेकरं होती...”

ती थांबली. चेहरा उतरला.

“चुकले, अक्का. हे तुमचं नाही. ही माझी आजी. तिकडे हॉलंडात महायुद्धाच्या हिवाळ्यात गावात खायला काही नव्हतं. ती गोठलेल्या कालव्यावरून अशीच गेली होती, बटाटे आणायला. कसं तोंडात आलं कळलं नाही... मला परत सांगा ना. एकदाच. उद्या तुम्ही नसाल.”

“कोंब फुटले का?”

“हो... फुटले.”

“पेव भरलं?”

“भरलं.”

अक्कांनी डोळे उघडले. आपल्या मुठीतले दाणे देवीपुढे वाहिले. मग अनेलीसची मूठ हातात घेऊन एकेक बोट सोडवलं आणि तिचेही दाणे त्यांतच मिसळले. हात टेकून उठल्या, तांब्या घेतला, दोन पेल्यांत पाणी ओतलं.

एक पेला अनेलीसपुढे आला. तिनं तो उचलला नाही.

“पण खरी नदी तर गुडघाभर झाली होती ना, अक्का?”

अक्का सावकाश पाणी प्यायल्या. पदरानं तोंड टिपलं.

“सासूबाई सांगायच्या त्यात नदी नव्हतीच गं. ती मी माहेराहून येताना आणली.”