ओदोंग वृक्षाची अनुज्ञा

‘वृक्ष तोडण्यापूर्वी त्याची अनुज्ञा वृद्धांनी मागावी, ती मिळाली की नाही हेही वृद्धांनीच सांगावे, कन्यांनी प्रश्न करू नये.’ पूर्वी द्वापरयुगात, पूर्वसमुद्राच्या तीरी वसलेल्या कोरिया देशातल्या काष्ठकारांचा हा नियम होता, आणि त्यांच्या कुळातील सोरन नावाच्या कन्येने तो बोलू लागण्याआधीपासून ऐकला होता.

त्या काष्ठकारांची कला देवांनाही हेवा वाटावा अशी. त्यांच्या पेटीला लोखंडाचा खिळा ठाऊक नसे. एका फळीचे दात दुसरीच्या खाचांत असे बसत, की जणू दुरावलेली भावंडेच भेटली. एकच फळी चिरून पेटीच्या दोन दारांवर शेजारीशेजारी लावली, की लाकडाच्या रेषांतून धुक्यातले पर्वत उभे राहत. त्या रेषा रंगाने झाकणे ते पाप मानत. कन्या जन्मली की अंगणात जांभळ्या फुलांचा ओदोंग वृक्ष लावायचा आणि तिच्या विवाहाला त्याचीच वस्त्रपेटी करून द्यायची, ही त्यांची रीत. वृक्ष आणि कन्या सोबत वाढत, सोबतच सासरी जात.

सोरनचा विवाह ठरला. कुळातील वृद्ध परशू घेऊन तिच्या वृक्षापाशी जमले. पितामह तेगम यांनी मुळाशी तांदळाची मदिरा ओतली, मस्तक लववले आणि एका श्वासात म्हटले, “हे वनस्पते, अनुज्ञा आहे? आहे. उचला रे परशू!”

“पितामह, उत्तर कोणी ऐकले?” सोरनने विचारले.

“झाडांच्या बोलण्याची वाट पाहत बसलो असतो, पोरी, तर तुझ्या आजीची वस्त्रे अजून दोरीवरच लटकत असती!”

वृद्ध खदखदून हसले. सोरन हसली नाही. बुंध्याला पाठ लावून ती उभी राहिली. “ज्याला जन्मभर माझ्याजवळ राहायचे, त्याला विचारून क्षणभर थांबता येत नाही? मी थांबते.”

तोच वारा पडला, साल आतून उजळली, आणि केशकलापात जांभळी फुले माळलेली, तेजस्विनी वृक्षदेवता प्रकट झाली. परशू हातातल्या हातात थिजले.

“कन्ये, उत्तरासाठी थांबणारी तू पहिली. माझी अनुज्ञा आहे. मी तुझी पेटी होईन. ओल आणि कीड तुझ्या वस्त्रांना शिवू देणार नाही. आणखी एक वर माग.”

तेगम यांचे भय विरले, लोभ जागा झाला. “माग, पोरी! म्हण, या अरण्यातल्या सर्व वृक्षांची अनुज्ञा आम्हांला आजच, सदासर्वकाळ मिळो. पुन्हा विचारणे नको!”

“ती मागेल तर तसेच होईल,” देवता म्हणाली. “मात्र ज्याला नकाराची मुभा नाही, त्याच्या लाकडात कोणी वसणार नाही. उरेल ते नुसते सरपण.”

“वडिलांची आज्ञा आहे!” तेगम गरजले. “मोडशील तर पेटीवाचून सासरी जाशील!”

“तर तशीच जाईन, पितामह. नाही मागणार. हिने होकार दिला तो स्वतःचा. टेकडीवरच्या देवदारासाठी हो म्हणणारी मी कोण? आणि तुम्ही तरी कोण? प्रत्येकाला वेगळे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून उभे राहा.”

तेगम यांनी आपला परशू खाली टेकवला. मग एकामागून एक बाकीचेही परशू जमिनीला टेकले. कोणीच काही बोलेना, आणि त्या शांततेत वृद्धांना आयुष्यात प्रथमच पाने ऐकू आली. सोरन आपल्या वृक्षाची पेटी घेऊनच सासरी गेली. तेव्हापासून त्या कुळातले काष्ठकार वृक्षापुढे मस्तक लववतात, प्रश्न विचारतात आणि गप्प राहतात.