चमचाभर तेल

“पुन्हा कशाला तपासायचं, गुरुजी?”

हेरंबच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

मोरेश्वरशास्त्री वैद्य खलबत्ता पुसत बसले होते. समोर नव्या तेलाच्या बाटल्या. परवान्याच्या भांगेपासून हेरंबने काढलेलं, दुखण्यावर पोटात घ्यायचं तेल. उन्हाळ्यातली पहिली खेप प्रयोगशाळेत उत्तम ठरली होती आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते. खरं तर शास्त्रीबुवांनाही या पोराचा फार अभिमान वाटे, पण तोंडावर बोलतील तर शपथ!

“पानं कुठली?”

“या खेपेला पलीकडच्या गावची. जरा भिजून आली होती... मी वाळवली.”

“बुरशी?”

“दिसली नाही.”

“फवारणी?”

“विचारलं नाही... पण कढई तीच, कृती तीच, हात माझाच! शितावरून भाताची परीक्षा, तुम्हीच म्हणता ना?”

“म्हणतो. त्याच पातेल्यातल्या भाताची.”

हेरंब घुटमळला.

“अहवाल यायला आठवडा जाईल. यमुनाक्का आज संध्याकाळी बाटली न्यायला येणार. हाडांचा कॅन्सर, गुरुजी... दवाखान्याच्या गोळ्या आहेत, पण त्यांचा सगळा भरवसा माझ्या तेलावर. त्यांना काय सांगू, थांबा म्हणून?”



शास्त्रीबुवांनी नव्या बाटलीचं बूच काढलं, चमचा भरला आणि सरळ तोंडाशी नेला.

हेरंबने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. तेल धोतरावर सांडलं.

“गुरुजी, नको! तुमचं वय काय, हृदयाचं दुखणं काय...”

“तुझ्याच हातचं आहे ना?”

“आहे, पण त्यात काय उतरलंय, मला तरी कुठं माहीत आहे!”

बोलून गेला... आणि त्याची नजर बाटल्यांकडे वळली.

त्याचे डोळे भरून आले. शास्त्रीबुवांनी मनगट सोडवून घेतलं नाही. दुसरा हात त्याच्या पाठीवरून फिरवत राहिले.

“वेडा रे वेडा,” ते हळूच म्हणाले. “मला अडवायला तू होतास... यमुनाक्का घरी एकट्याच असतात.”